अडीनडीची सहावी नोट

अमेरिकेहून परत आल्यावर सोसायटीत ज्यानं त्यानं एकच प्रश्न विचारला, "काय काय पाहिलंत?" नायगारा पाहिला नाही. स्वातंत्र्यदेवीचा पुतळा पाहिला नाही. मी एक डुक्कर पाहिलं. तेही कागदावरचं, सिगारेटच्या पाकिटाएवढ्या नोटेवर छापलेलं. त्यासाठी माझ्या सख्ख्या भावानं मला पेनसिल्व्हानियापासून ओहायोपर्यंत ताशी पंचेचाळीस मैलांच्या वेगानं नेलं आणि जवळजवळ त्याच वेगानं परत आणलं. हे वाचून कुणाला अमेरिकेला जावंसं वाटलं तर जबाबदारी माझी नाही.

मुळात मी गेले होते ती कामगिरीवर. माझा थोरला भाऊ अरविंद, आमचा दादा, चौऱ्याहत्तर वर्षांचा आहे. चाळीस वर्षांपूर्वी इंजिनियर म्हणून तिकडे गेला आणि पेनसिल्व्हानियातल्या स्टेट कॉलेज या विद्यापीठाच्या गावी त्यानं घर केलं. चार वर्षांपूर्वी वहिनी गेल्या, तेव्हापासून तो तिथे एकटाच असतो. त्याचा मुलगा मिलिंद टेक्सासात, फ्रिस्कोला. २००७ च्या जानेवारीत दादा घरासमोरच्या बर्फावर घसरला आणि पोस्टमन येईपर्यंत पाऊण तास तिथेच पडून राहिला. हाड मोडलं नाही, पण मिलिंदचा धीर सुटला. त्यानं मला पुण्याला फोन लावला.

"आत्या, आता तूच काहीतरी कर. मी रूम रेडी केलीय. अटॅच्ड बाथ आहे, धरायला बार लावलेत. पण बाबांचं एकच, सेट कम्प्लीट झाला की येतो."

"कसला सेट?"

"नोटगेल्ड, यार! सॉरी, आत्या. जुन्या जर्मन नोटा. सहाचा सेट आहे, पाच आहेत, सहावी मिळत नाही. चार वर्षं हेच ऐकतोय. मी ऑनलाइन ऑर्डर करतो म्हटलं तर म्हणतात, कागद हातात घेऊन पाहिल्याशिवाय मी नोट घेत नाही. तुला जर्मन येतं. तू ती नोट शोध आणि बाबांना घेऊन ये."

मी पुण्यात पस्तीस वर्षं जर्मन शिकवलं. या भाषेचा घरच्या कुणाला कधी उपयोग होईल असं मला वाटलं नव्हतं, आणि झाला तो असा. बेत ठरला: मी दादाकडे उतरायचं, एप्रिलअखेर दोघांनी मिळून फ्रिस्कोला जायचं आणि तिथून मी एकटीनं घरी यायचं.

स्टेट कॉलेज

एप्रिल म्हणजे आपल्याकडे माठात वाळा टाकायचे दिवस. इथे दादाच्या अंगणात कोपऱ्याकोपऱ्यांत काळपट बर्फ साचलेलं होतं, आणि हरणं येऊन ट्यूलिपचे कोंब खाऊन जात होती. मला पहिल्या दिवशी हरणांचं कौतुक वाटलं. तिसऱ्या दिवशी मीसुद्धा दादासारखी खिडकीवर ताट बडवून त्यांना हाकलू लागले.

गाव तसं विद्यार्थ्यांचं. बसमध्ये पाठीवर दप्तर नसलेली मी एकटीच. भारतीय दुकान एकच, आणि त्यात कढीपत्ता "उद्या येणार" असतो. दादाचं घर गावाबाहेर टेकडीवर, चार खोल्यांचं. पैकी जेवणाच्या टेबलावर जेवायला जागा नाही. तिथे अल्बम. खुर्च्यांवर अल्बम. वहिनींच्या शिवणयंत्रावर अल्बम. आम्ही दोघं सिंकपाशी उभ्याउभ्या वरणभात खायचो.

ज्यांना नोटगेल्ड माहीत नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. (मलाही माहीत नव्हतं. जर्मन शिकवणाऱ्याला सगळं जर्मनी माहीत असतं हा गैरसमज आहे.) पहिल्या महायुद्धात जर्मनीत धातू सगळा तोफांकडे गेला आणि सुट्टी नाणी मिळेनाशी झाली. बाजारात भाजी घ्यायची तरी मोड नाही. मग गावोगावच्या नगरपालिकांनी आपापल्या नोटा छापल्या. पुढे लोकांना त्या चित्रांचा नाद लागला, तशी गावांनी चाल केली. गावातली एखादी जुनी गोष्ट घ्यायची, सहा नोटांवर सहा चित्रांत छापायची आणि छंदिष्टांना विकायची. ते लोक नोटा अल्बमात ठेवणार, बाजारात थोडेच खर्चणार! गावाचा फायदाच फायदा. त्या काळच्या जर्मन छंदिष्टांना मी हसले असते, पण समोर दादा बसला होता.

आमचं पहिलं भांडण विमानतळावरून घरी येतानाच झालं.

"नोटगेल्ड म्हणजे नोटांचे पैसे," दादा म्हणाला.

"दादा, जर्मनमध्ये नोट म्हणजे नोट नव्हे."

"मग काय?"

"अडचण. निकड. नड."

"अगं, पण ही नोट आहे की नाही?"

"नोट आहे."

"मग?"

तीस वर्षं हा माणूस या नोटा जमवतोय. इंग्रजी कॅटलॉगांत जागोजागी 'इमर्जन्सी मनी' लिहिलंय, ते मी दाखवलं. तर म्हणतो, "ते गेल्डचं भाषांतर असेल." मी कपाळावर हात मारून घेतला. वर्गात असता तर बाकावर उभा केला असता. दोन दिवसांनी पोळ्या लाटताना मला एकदम शब्द सुचला: अडीनडीचे पैसे! नोट म्हणजे अडीनड. इतकं चपखल भाषांतर मला पस्तीस वर्षांत एकदाही जमलं नव्हतं. मी लाटणं हातात घेऊन ते सांगायला बाहेर आले, तर दादा भिंगातून मान वर न काढता म्हणाला, "तुझं सगळं पुस्तकी, वत्सू."

त्यात रविवारी मराठी मंडळींचं जेवण होतं. तिथे एका काकूंनी मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "अरविंदरावांची नोट गेली म्हणे? केवढ्याची होती हो?" मी त्यांना म्हटलं, गेली नाही, यायची आहे. त्या आणखीच गोंधळल्या.

आता तो सेट. गाव थुरिंगियातलं, नाव लांबलचक, आणि दादा ते तीन वेळा तीन प्रकारांनी उच्चारतो, म्हणून इथे देत नाही. पहिल्या नोटेवर महापौर कचेरीत पेंगतोय आणि दारात डुक्कर उभं आहे. दुसरीवर डुकरानं टेबलावरचा गावाचा शिक्का गिळलाय. तिसरीवर दाराशी ही गर्दी: नवरानवरी, गाय विकायला आलेला शेतकरी, एक शवपेटी. शिक्क्याशिवाय लग्न नाही, व्यवहार नाही, मेलेल्याला पुरायची सोय नाही. चौथीवर डॉक्टर डुकराला एरंडेल पाजतोय. पाचवीवर खाटीक सुरी परजतोय आणि महापौरानं बोट वर केलंय.

"पुढे?" मी विचारलं.

"पुढचं सहावीवर. डुकराचं काय झालं ते कळल्याशिवाय मी हलणार नाही." हे तो अशा थाटात म्हणाला, की जणू डुक्कर आमच्या नात्यातलं होतं.

मी कधी मांस खाल्लं नाही, डुक्कर या प्राण्याचा विचारही केला नाही. पण मलाही त्या डुकराची काळजी वाटू लागली. वैताग आला तो याचाच.

नोटांच्या तळाशी बारीक काटेरी अक्षरांत एक ओळ होती. दादानं ती कधी वाचून घेतलीच नव्हती. मी वाचून दाखवली: "सूचना दिल्यापासून एक महिन्यानं ही नोट बाद होईल." दादानं भिंग खाली ठेवलं. मग म्हणाला, "मिलिंदनंही मला एप्रिलअखेरपर्यंतच दिलंय." मी ते थट्टेवारी नेलं. न्यायला नको होतं.

ओहायोची वाट

ओहायोतल्या एका गावी दरवर्षी जुन्या कागदी चलनाचं प्रदर्शन भरतं. दादा दरवर्षी जातो. सहावी नोट मिळाली तर तिथेच मिळेल, असं त्याचं ठाम मत. मी म्हटलं, चल. काय तो सोक्षमोक्ष लागू दे.

गाडी पंधरा वर्षांची. रस्ता दाखवणारं नवं यंत्र मिलिंदनं पाठवलं होतं, ते खोक्यातच. दादाकडे कॉम्प्युटरवरून छापलेली अकरा पानं, आणि ती वाचायची कामगिरी माझ्यावर. "आता वळायचं का?" "तीन पॉइंट दोन मैलांनी." "आता?" "दादा, आत्ता कुठे पाव मैल झाला!" मोठ्या हमरस्त्यावर पंचेचाळीसच्या वर काटा जाऊ द्यायचा नाही हा त्याचा नियम. ट्रकवाले मागून भोंगे वाजवत, बाजूनं जाताना आमच्याकडे बघत, आणि दादा त्यांना सौजन्यानं हात करी. त्याला वाटे ते नमस्कार करताहेत. मी दिलेलं थालीपीठ त्यानं चाक धरूनच खाल्लं आणि तेलाचं बोट कॅटलॉगला पुसलं. मग तो डाग कुणी पाडला यावर दहा मैल वाद.

वाटेत जुन्या पद्धतीनं राहणाऱ्या लोकांची वस्ती लागली. घोड्याच्या काळ्या बग्ग्या, बायकांच्या डोक्यावर पांढऱ्या टोप्या, विजेचा खांब नाही. हे लोक मूळचे जर्मन बोलणारे, घरात अजून जर्मनच बोलतात, असं मी वाचलं होतं. रस्त्याकडेला एक बाई बरण्या मांडून बसली होती. मी दादाला गाडी थांबवायला लावली. छाती पुढे काढून, स्वच्छ उच्चारांत, कर्म द्वितीया विभक्तीत ठेवून मी तिला विचारलं, की बाई, हे लोणचं आपण स्वतः केलंत का? ती माझ्याकडे बघत राहिली. मी पुन्हा, हळू विचारलं. ती काहीतरी बोलली. त्यातला 'काय' एवढाच शब्द मला कळला. शेवटी ती इंग्रजीत म्हणाली, "चार डॉलर."

दादा गाडीत बसून पोट धरून हसत होता. "तुझं सगळं पुस्तकी, वत्सू."

लोणच्यात कोबी, गाजर, फ्लॉवर होतं, आणि साखर. आपण आंब्याला गूळ लावतो तो ठसक्यानं, तिखटाशी हातमिळवणी करून. हिच्या लोणच्यात तिखट नावालाही नव्हतं, म्हणजे मुरांबाच तो, फक्त भाज्यांचा. चार डॉलर गेले म्हणून मी ते भाताबरोबर संपवलं.

रात्रीचा मुक्काम मोटेलात. सकाळी फुकट नाश्ता होता, आणि वाफल नावाची जाळीदार धिरडी आपली आपण करून घ्यायचं यंत्र. मी डावानं पीठ ओतलं, झाकण लावलं, आणि पीठ चारी बाजूंनी ओघळून टेबलावरून माझ्या बुटात गेलं. अमेरिकेत सगळं आपलं आपण करायचं, आणि कसं करायचं ते मात्र भिंतीवर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहून ठेवायचं. दादा शेजारच्या माणसाला सांगत होता, "माय सिस्टर. शी इज अ लिंग्विस्ट."

प्रदर्शन

प्रदर्शन म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर तुळशीबाग आली होती. इथे हॉटेलच्या तळमजल्यावरचा एक गालिचा घातलेला हॉल, रांगेनं टेबलं, आणि टेबलांमागे भिंगं लावून बसलेली दोनशे पुरुषमाणसं. कुणी बोलत नाही. प्लॅस्टिकच्या पिशव्यांची कुरकुर तेवढी ऐकू येते. एका टेबलावर दहा कोटी मार्कांची नोट तीन डॉलरला होती. दुसऱ्यावर चामड्यावर छापलेली, तिसऱ्यावर रेशमावरची. अडीनड आली की माणूस कशाचेही पैसे करतो, हे त्या टेबलांपाशी मला पहिल्यांदा नीट कळलं. हे दादाला सांगायला वळले तर दादा नव्हता. तो कॉफीच्या रांगेत कुणाशी तरी कागदाच्या वजनावर वाद घालत होता.

मी एकटीच पुढे गेले. शेवटच्या रांगेत एक बाई होती, साठी ओलांडलेली, गळ्यात साखळीला अडकवलेले दोन चष्मे. तिच्या टेबलावर जर्मन गावांच्या नोटा गावाच्या नावानुसार अकारविल्हे लावलेल्या होत्या. ही शिस्त पाहून मला बरं वाटलं. मी आमच्या लांबलचक गावाचं नाव घेतलं. बाईनं एक चष्मा काढून दुसरा लावला.

"तुम्ही अरविंदच्या बहीण का?" तिनं विचारलं.

टेबलाखालच्या पेटीतून तिनं एक पाकीट काढलं. पाकिटावर पेन्सिलीनं दादाचं नाव लिहिलेलं होतं. आत सहावी नोट.

मला काही कळेना. बाई मोकळेपणानं सांगू लागली. चार वर्षं झाली, अरविंद दर वसंतात येतो. ही नोट मागून घेतो. खुर्चीवर बसून भिंगातून अर्धा तास बघतो, हसतो, आणि परत देतो. पहिल्या वर्षी तिला वाटलं किंमत जास्त वाटत असेल. तिनं कमी केली. तरी घेतली नाही. मग एकदा दुसरं गिऱ्हाईक ती नोट घ्यायला निघालं, तेव्हा अरविंदचा चेहरा असा झाला, की तिनं नोट विकायचीच बंद केली. तेव्हापासून ती त्याच्या नावाच्या पाकिटात असते. "माझ्याकडे वीस हजार नोटा आहेत," ती म्हणाली, "त्यातली एक न विकल्यानं माझं काय जातंय?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. चार वर्षं! तिकडे पोरगा आंघोळीच्या खोलीत बार बसवतोय, मी बावीस तासांचा प्रवास करून आले, बुटात धिरड्याचं पीठ घेऊन फिरतेय, आणि या गृहस्थाला सहावी नोट कुठे आहे हे पहिल्यापासून ठाऊक! डुकराचं काय झालं तेही ठाऊक!

मी नोट हातात घेतली. चित्रात महापौराच्या खुर्चीवर ते डुक्कर आरामात झोपलेलं. भोवती सगळं गाव बसलंय: नवरानवरी, गायवाला, डॉक्टर, सुरी खाली ठेवलेला खाटीक. मागे शिपाई परात धरून उभा. खाली गावरान जर्मनमध्ये दोन ओळी. ही भाषा मी शिकवली नव्हती, पण अडखळत लागली: 'आत गेलंय ते बाहेर येईलच. तुम्ही फक्त त्याला ढोसू नका.'

मी मोठ्यानं हसले. दोनशे भिंगं माझ्याकडे वळली. मग मला पुन्हा राग आला, आणि त्या रागातच मी दहा डॉलर काढून टेबलावर ठेवले. बाई थोडी घुटमळली. "त्याला चालेल ना?" तिनं विचारलं. "मी त्याची बहीण आहे," मी म्हटलं, जसं काही हे उत्तरच होतं. डोंगर पोखरून हा दहा डॉलरचा उंदीर निघाला होता, आणि आता मी त्याला शेपटीला धरून दादाला फ्रिस्कोला नेणार होते.

परतीचा रस्ता

परत निघालो तेव्हा दादा खुशीत होता. "याही वर्षी नाही मिळाली," म्हणाला. मी एक तास तोंड मिटून बसले. आमच्या घराण्यात हे कुणाला जमलेलं नाही, त्यामुळे त्याला संशय यायला हवा होता.

"दादा," मी शेवटी म्हटलं, "सहावी नोट माझ्या पर्समध्ये आहे."

काटा पंचेचाळीसवरून पस्तीसवर आला. मागच्या ट्रकनं जोरात भोंगा दिला. या वेळी दादानं हात केला नाही.

"केवढ्याला दिली?"

"दहा डॉलर."

"मला आठला देत होती," तो म्हणाला, आणि आपण काय बोललो हे कळून आरसा नीट करू लागला.

मग मी सुरू झाले. काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. खोटारडा म्हटलं, आपमतलबी म्हटलं, पोराच्या जिवाला घोर लावलास म्हटलं. बर्फावर पडून पुन्हा कुणाची वाट बघायची आहे का, असंही विचारलं. इतकं वय झालं तरी एक कागदाचा कपटा सोडवत नाही तुला, म्हणाले. दादानं गाडी विसाव्याच्या जागी घेतली आणि बंद केली.

"मिलिंद चांगला मुलगा आहे," तो म्हणाला. "सूनबाई माझ्यासाठी वेगळी भाजी करील. नात 'हाय आजोबा' म्हणेल आणि आपल्या खोलीत जाईल. सगळं चांगलंच होईल, वत्सू. पण तिथे सोफ्यावर मी कुठे बसायचं ते विचारून बसणार. इथे तुझ्या वहिनीच्या चपला अजून मागच्या दाराशी आहेत, आणि त्या का आहेत हे मला कुणी विचारत नाही."

मी मांडीवरच्या अकरा पानांची घडी घातली.

"नाही म्हणून सांगितलं असतं तर मिलिंदला लागलं असतं. म्हणून एक नोट बाहेर ठेवली. दरवर्षी जातो, आहे ना बघतो, येतो. तू म्हणालीस ना, नोट म्हणजे अडीनड? बरोबर आहे तुझं. ती माझी अडीनडीची होती."

मला रडू आलं. आणि रडू आलं याचाही राग आला, कारण दोन आठवडे मी या माणसाचं भाषांतर चुकीचं करत होते. मी पर्स उघडून नोट त्याच्यापुढे धरली. त्यानं हात लावला नाही. "माझ्याकडे आली की सेट पुरा," एवढंच म्हणाला.

"मग माझ्याकडे राहू दे," मी म्हटलं. "मी पुण्याला नेते. तुला हवी तेव्हा माग. पण वरच्या दोन खोल्या विद्यार्थ्यांना द्यायच्या. घरात माणूस पाहिजे."

"ते आमटी करपवतात."

"करपू दे. बर्फात पडलास तर उचलतील तरी."

बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी त्यानं दोन्ही खोल्या कबूल केल्या, आणि गाडी सुरू करून घरापर्यंत पन्नासनं चालवली.

फ्रिस्को

फ्रिस्कोजवळच्या विमानतळावर मिलिंद माझ्या मागे कुणी येतंय का ते बघत राहिला. मग माझ्याकडे बघितलं.

"आत्या, नोट?"

"मिळाली. माझ्याकडे आहे."

"मग बाबा?"

"ते म्हणाले होते सेट पुरा झाला की येतो. त्यांच्याकडे पाच आहेत, माझ्याकडे एक. दोघांचेही सेट अपुरे."

"आत्या, तू पण?" त्यानं गाडीच्या टपावर डोकं टेकवलं. त्याचं चुकत नव्हतं. मी विद्यार्थ्यांचं सांगितलं, तेव्हा जरा शांत झाला. मग टोलच्या रस्त्यावरून घरी निघालो. बाहेर विटांची एकसारखी घरं मैलोगणती, आणि माणसाच्या उंचीपेक्षा मोठं झाड नाही. कढीपत्ता मात्र इथे हवा तेवढा मिळतो, असं त्याची बायको रश्मी म्हणाली.

संध्याकाळी तिनं मला ती खोली दाखवली. पलंग जरा ठेंगणा घेतला होता, उतरायला सोपा. टेबलावर भिंग, वरून सोडलेला दिवा. आणि भिंतीवर एक लाकडी फ्रेम, मिलिंदनं मापं देऊन करून घेतलेली. सहा खिडक्यांची. सहाही रिकाम्या.

नात ईशा दारात उभी होती. "इज आजोबा नॉट कमिंग?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "इतक्यात नाही." ती म्हणाली, "ओके," पण गेली नाही. फ्रेमवरची धूळ बाहीनं पुसत उभी राहिली. पर्समध्ये नोट होती, आणि ती त्या खिडकीत लावून टाकावी असं मला अगदी आतून वाटलं. मी दुसऱ्या दिवशी पुण्याला निघाले.

पुणे

याला आता सहा महिने झाले. दर रविवारी सकाळी दादाचा फोन येतो. वरच्या खोल्यांत दोघी मुली आल्या आहेत, आमटी खरंच करपवतात, हरणं घंटा लावूनही येतात. त्या फ्रेमचं मी त्याला पहिल्याच फोनवर सांगितलं होतं. तेव्हा तो "हं" म्हणाला आणि हवामानाकडे वळला. नोटेबद्दल कधीच विचारलं नाही. मीही त्याला ढोसलं नाही.

गेल्या रविवारी बोलणं संपता संपता तो म्हणाला, "वत्सू, ती नोट पोस्टानं यायला किती दिवस लागतील?"

"लागतील दहा-बारा. पाठवू?"

"पाठव. पण इथे नको." मग थोडं थांबून म्हणाला, "फ्रिस्कोचा पत्ता आहे ना तुझ्याकडे?" आणि माझं उत्तर ऐकायच्या आत फोन ठेवला.

मी त्याच दिवशी जाड पाकीट आणलं. पत्ता सुवाच्य अक्षरांत लिहिला. नोट दुमडू नये म्हणून दोन पुठ्ठे कापून तयार ठेवले. टेकडीवरचं ते घर आता विकलं जाईल, मागच्या दाराशी असलेल्या चपला कुणीतरी उचलेल, आणि माझा भाऊ सोफ्यावर कुठे बसायचं ते विचारेल. गाडीत मी त्याला जे जे बोलले ते सगळं आता मला लागू पडतंय, कागदाच्या कपट्यापर्यंत. आज गुरुवार. मिलिंदचा दोनदा फोन येऊन गेला, आणि पाकीट अजून उघडंच आहे.